कार्बन फायबर बॉनेटवरचे बारीक ओरखडे घरी काढता येतील का? रबिंग मारू की नको?

पोलोवाला_कोथरूड

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय पण वाचून सांगा.

दिवाळीच्या आधी सेकंडहँड पोलो जीटी घेतली. आधीचा मालक हौशी, त्याने कार्बन फायबरचं बॉनेट बसवून घेतलेलं, आरशांची कव्हरंपण कार्बनचीच. गाडी बघायला गेलो तेव्हा दिवेलागण झालेली, पार्किंगच्या ट्यूबखाली बॉनेट नुसतं विहिरीतल्या पाण्यासारखं काळंभोर चमकत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात लावली आणि बघतो तर काय, बॉनेटभर कोळिष्टकासारखे गोल गोल चरे. कारणही लगेच कळलं, आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला जे काका येतात ते पहाटे पाचला एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या करतात, समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे त्यामुळे गाडीवर रोज मुरमाची धूळ, आणि ती कोरडी असतानाच फडकं फिरतं. आधीच्या मालकाकडेही असंच असणार.

त्याशिवाय दोन ओरखडे वेगळे आहेत. मधोमध तीन समांतर रेघा, मांजराच्या नखांच्या असाव्यात, थंडीत गरम बॉनेटवर येऊन बसतं ते. आणि लॉकच्या जवळ एक बोटभर लांब चरा आहे, तो चांगला खोल वाटतो.

एका गॅरेजवाल्याला दाखवलं, तो म्हणाला सोडून जा, अर्ध्या तासात रबिंग (घासायची जाडी पेस्ट) मारून चकाचक करतो. दुसऱ्याने सांगितलं हात लावायचा नाही, सगळं खरवडून नवीन लॅकर मारावं लागेल, 15 हजार. आता एक म्हणतो काहीच नाही आणि दुसरा म्हणतो सगळंच, मी कुणाचं ऐकू? पत्र्याच्या गाडीला मी स्वतः पॉलिश केलंय पण कार्बनला कधी हात लावला नाही. घासताना आतले धागे उघडे पडले तर? वॉटर पेपर मारायचा तर कितीचा? आणि आरशांची कव्हरं बॉनेटपेक्षा निस्तेज वाटतात, त्यांना पण हेच करायचं का?

साताऱ्याचा_बुलेटवाला

भाऊ पांढरी टूथपेस्ट घे, ओल्या सुती फडक्यावर, आणि गोल गोल घास. माझ्या हेल्मेटच्या काचेवरचे चरे गेले. स्वस्तात काम.

डीटेलिंग_नाशिक

साताऱ्याच्या भावाचा हेतू चांगला आहे पण टूथपेस्ट नको. तिच्यात घासणारी पावडर असते हे खरं, पण ती दातासाठी, तिचा कण कसा आणि किती हे आपल्या हातात नाही, आणि काळ्या चकाकत्या पृष्ठभागावर ती एक चरा काढून शंभर बारीक धुरकट रेघा पाडते. पांढऱ्या गाडीवर खपून जातं, कार्बनवर दिसतंच दिसतं.

आता दादा तुमचं. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, तुम्ही कार्बन पॉलिश करत नाही आहात. कार्बन खाली आहे. तुमचा हात लागतो तो त्याच्यावरच्या पारदर्शक थराला, बहुतेक वेळा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर कोट म्हणजे आपण ज्याला लॅकर म्हणतो तो, तुमच्या पत्र्याच्या गाडीवर जो होता जवळपास तोच. त्यामुळे जे औषध तिकडे चालतं ते इकडेही चालतं. फरक एवढाच की तिकडे लॅकर संपला की रंग लागतो आणि इकडे लॅकर संपला की थेट राळ (रेझिन) आणि कार्बनचा धागा, मग तिथे परत लॅकर मारल्याशिवाय इलाज नाही. कंपनीच्या गाडीवर लॅकर साधारण 40 ते 60 मायक्रॉन असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा बारीक. बाहेरून बसवलेल्या बॉनेटवर किती आहे हे बनवणाऱ्यालाच माहीत, कुणी जाड मारतं कुणी पातळ. आणि आमच्याकडे पेंटची जाडी मोजायचं जे साधं मशीन असतं ते खाली धातू असेल तरच आकडा देतं, कार्बनवर त्याचा उपयोग नाही, त्याला अल्ट्रासोनिकवालं लागतं आणि ते फार थोड्या लोकांकडे आहे. तर तुम्ही आंधळेपणाने घासणार आहात असं समजा आणि कमीत कमी घासा.

आधी गाडी नीट धुवा, सावलीत, बॉनेट गार असताना. मग ओरखड्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे, पॉलिशने निघेल. ओला असूनही पांढरा दिसत राहिला तर खोल आहे. दुसरी खूण नखाची, नख आडवं फिरवा, अडकलं तर तो चरा पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका. मांजराच्या रेघा बहुधा निघतील, लॉकजवळचा सांगता येत नाही.

गॅरेजवाल्याच्या अर्ध्या तासाच्या रबिंगला मात्र देऊ नका. तो मोठं गोल फिरणारं बफिंग मशीन लावणार, लोकरीचा पॅड आणि जाड रबिंग, त्याने चरे दिसायचे बंद होतील आणि उन्हात बघाल तेव्हा तेलाचा तवंग पसरल्यासारखे लाटालाटांचे डाग दिसतील. शिवाय ते मशीन एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं तरी तिथे उष्णता धरते. तुम्ही डीए मशीन घ्या, म्हणजे ज्याचा पॅड फिरताना डोलतोही आणि एका जागी जोर धरत नाही ते, भाड्याने मिळतं, पाच इंची फोमचा पॅड, मध्यम कटचं (म्हणजे मध्यम घासणारं) पॉलिश, मेंझर्ना 2500 सारखं काहीतरी, आणि शेवटच्या फिनिशिंगला मेग्वायर्स 205. स्पीड तीन-चारच्या वर नेऊ नका. दोन फुटांचा चौकोन धरा, आडवं उभं आडवं उभं चार फेऱ्या, पुसा, बघा. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडून घ्या नाहीतर त्यातच निघालेला लॅकर परत घासला जातो. आणि कडांना, बॉनेटच्या मधल्या उठावाला, सगळीकडे मास्किंग टेप लावा. कडेवर लॅकर कायम पातळ असतो, माझ्या डोळ्यांदेखत एका पोराने एका झटक्यात कड उघडी केलीये.

उद्यमनगर_पेंटर

नाशिककरांनी बरोबर सांगितलंय पण एक बोलतो. नुसत्या पॉलिशने मांजराच्या रेघा जायच्या नाहीत, वेळ जाईल फक्त. कोल्हापुरात आम्ही 2000 चा वॉटर पेपर (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) ओला करून चार-पाच हलके हात मारतो, मग 3000, मग पॉलिश. रेघ साफ जाते. फडक्याचे चरे मात्र पॉलिशनेच काढा, त्याला पेपर लागत नाही.

डीटेलिंग_नाशिक

उद्यमनगरवाले, तुमचा हात बसलेला आहे म्हणून 2000 चालतो. पहिल्यांदा करणाऱ्याने 2000 मारला की त्याचे पेपरचे चरे काढायला पॉलिश जास्त लागतं, म्हणजे एकूण लॅकर जास्त जातो. मी सांगेन आधी पॉलिश, नाही गेलं तर 3000, त्याच्या खाली उतरायचंच नाही.

उद्यमनगर_पेंटर

नवीन माणसासाठी मान्य. पण मग घासताना पाणी बघत राहायचं हे त्यांना सांगा. हे महत्त्वाचं आहे. पेपरखालून दुधासारखं पांढरं पाणी येतं तोवर लॅकरच निघतोय. पाणी राखाडी किंवा काळपट दिसलं की हात तिथल्या तिथे उचलायचा, धाग्याला लागलात. मी पाण्यात साबणाचा एक थेंब टाकतो, पेपर सुळसुळीत चालतो आणि अडकलेला कण रेघ ओढत नाही. पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, बोटांच्या मध्ये दाब पडतो आणि नाल्या पडतात, छोटा रबरी ठोकळा घ्या.

कापड_आणि_राळ

मी कंपोझिटचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते, गाड्यांचे नाही पण कापड तेच आणि राळही तीच. वरची उत्तरं चांगली आहेत, मी फक्त आतलं सांगते कारण पॉलिश चुकतं ते बहुतेक वेळा आत काय आहे हे माहीत नसल्यामुळे.

तुमच्या बॉनेटवर तिरक्या पायऱ्यांसारखी वीण दिसत असेल तर ते बहुधा थ्री-के कापड, म्हणजे त्या प्रत्येक पट्टीत 3000 धागे, आणि एकेक धागा साधारण 7 मायक्रॉनचा. हे कापड इपॉक्सी राळेत भिजवून साच्यात बसवतात. आता पट्ट्या एकमेकींवरून खाली-वर जातात ना, त्यामुळे कापड सपाट नसतं, त्याला टेकड्या आणि खळगे असतात, आणि खळग्यात राळ जास्त साचते. पार्ट नवा असताना वरून गुळगुळीत दिसतो. पण स्वस्तात बनवलेला, ओव्हनमध्ये नीट न पकवलेला पार्ट उन्हात तापला की राळ उरलेली पकते आणि आकसते, जिथे जास्त आहे तिथे जास्त आकसते, मग विणीचा उठाव वर दिसायला लागतो. काळं बॉनेट, खाली इंजिन, वर एप्रिल-मेचं ऊन, म्हणजे हे व्हायला सगळी सोय आहे.

याचा तुमच्या घासण्याशी संबंध असा. संध्याकाळी ट्यूबखाली गाडी लावा आणि बॉनेटमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब बघा, तिरकं, डोळा बॉनेटच्या पातळीला आणून. ट्यूबची कड सरळ सुरीसारखी दिसली तर वरचा थर सपाट आहे. कड चटईसारखी दातेरी दिसली तर वीण वर आली आहे. अशा ठिकाणी ठोकळ्याला पेपर लावून घासलं की ठोकळा फक्त टेकड्यांवरून फिरतो आणि टेकड्यांवरच तर थर सगळ्यात पातळ. लोक म्हणतात मी थोडंच घासलं आणि धागा कसा लागला, तर असा लागतो. वीण वर आलेली असेल तर पेपर नाही, नुसतं फोमने पॉलिश, कारण मऊ फोम उंचसखल धरून चालतो.

उष्णतेचं पण लक्षात ठेवा. साध्या हवेत पकलेली इपॉक्सी 60-70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, राळेला ते जमत नाही, घासलेल्या जागेवरच ऊब साचते. दर चौकोनानंतर तळहात ठेवून बघा, कोमट चालेल, चटका नको.

ओरखड्याबरोबर तडा नाही ना हेही बघा. लॉकच्या जवळचा चरा म्हणालात, तिथे आपटून बंद केल्याने ताण येतो. एक रुपयाचं नाणं घेऊन चऱ्याच्या आजूबाजूला हलकं टकटक वाजवा. सगळीकडे टणक आवाज आला तर ठीक, एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आत थर सुटलेत आणि मग तो पॉलिशचा विषयच नाही. बाहेरून बसवलेल्या बॉनेटला लॉकशिवाय वेगळ्या पिना लावतात त्या आहेत का तेही बघून घ्या, हायवेवर बॉनेट उघडणं फार वाईट.

आणि आरशांच्या कव्हरांबद्दल मला शंका आहे. ती काढून मागची बाजू बघा आणि मला सांगा, तोवर त्यांना काहीही लावू नका.

पोलोवाला_कोथरूड

एवढं सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, खरंच आभार. काल रात्री खाली जाऊन सगळ्या तपासण्या केल्या.

ताई, तुमची शंका खरी निघाली. डाव्या आरशाचं कव्हर काढलं, आतून गुळगुळीत काळं प्लास्टिक आणि त्यावर उठावात एबीएस असं लिहिलेलं. मग बाहेरून टॉर्च मारून नीट बघितलं तर बॉनेटवर टॉर्च हलवला की एक पट्टी उजळते आणि शेजारची काळी पडते, मग उलट होतं, असं जिवंत दिसतं. आरशावर टॉर्च कसाही फिरवा, चित्र तेच. आणि कोपऱ्यावर वीण ताणल्यासारखी लांबट झाली आहे.

बॉनेटचं सांगतो. ट्यूबची कड मागच्या भागात, म्हणजे काचेकडे, सरळ आहे. पुढे इंजिनच्या वर हातभर पट्ट्यात किंचित दातेरी दिसते. मांजराच्या रेघा पाण्याचा थेंब टाकल्यावर दोन गेल्या, एक पुसट राहिली, सुदैवाने त्या मागच्या सपाट भागातच आहेत. लॉकजवळच्या चऱ्यात नख अडकतं, पण नाणं सगळीकडे टणक वाजलं. पिना आहेत, दोन्ही.

कापड_आणि_राळ

नाण्याचा आवाज टणक आला हे ऐकून बरं वाटलं.

आरशाची कव्हरं म्हणजे हायड्रो डिप, पाण्यावर विणीचं चित्र छापलेली फिल्म तरंगवतात आणि त्यात प्लास्टिक बुडवतात. चित्र शाईचं, कागदाहून कितीतरी पातळ, वर लॅकरचा एक थर. त्यावर पेपर मारला असता तर चित्रच पुसलं गेलं असतं आणि ते परत आणता येत नाही. त्यांना हाताने, मऊ फडक्यावर फिनिशिंग पॉलिश, एकदाच, आणि वर वॅक्स. निस्तेजपणा थोडा कमी होईल, तेवढ्यावर थांबा.

पुढच्या दातेरी भागात पेपर अजिबात नाही.

आखातातून

दुबईत आहे, 11 वर्षं. एक भर घालतो. पॉलिश करायच्या आधी बॉनेट पिवळट झालंय का बघा, खास करून पांढऱ्या कागदाशेजारी धरून. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, तिला वाचवतो तो वरचा लॅकर, कारण त्यात ऊन अडवणारं द्रव्य असतं. म्हणजे जितका लॅकर घासून काढाल तितकं खालच्या राळेचं छप्पर पातळ. माझ्या गाडीचं मागचं स्पॉयलर दर वर्षी हौसेने कटिंग पॉलिश करत गेलो, पाचव्या उन्हाळ्यात ते चहाच्या रंगाचं झालं आणि मग पांढुरके पापुद्रे सुटले, शेवटी सगळं घासून नवीन लॅकर मारून घ्यावा लागला. आता मी वर्षाला एकदा नुसतं वॅक्स करतो आणि चार बारीक चरे राहिले तर राहू देतो.

पोलोवाला_कोथरूड

आज सकाळी केलं. फोटो चढत नाहीयेत, लिहूनच सांगतो.

आधी धुतलं, मग बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते ते पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी अशा मिश्रणाने पुसून लगेच धुऊन काढले. मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा टेप लावून अलग केली आणि आधी तिथेच करून बघितलं. फिनिशिंग पॉलिशने काही झालं नाही, मध्यम कटच्या चार फेऱ्यांत कोळिष्टक पूर्ण गेलं. टेप काढल्यावर त्या चौकोनाच्या आत टॉर्चचा एकच ठिपका दिसत होता आणि बाहेर त्याच टॉर्चभोवती जाळं, मी बायकोला खाली बोलावून दाखवलं.

मग सगळं बॉनेट. चार तास लागले. दोनदा हात ठेवल्यावर जास्त ऊब वाटली म्हणून थांबलो. मांजराच्या दोन रेघा गेल्या, तिसरीला 3000 चा ओला पेपर ठोकळ्यावर, मोजून सहा हात. उद्यमनगरच्या दादांनी सांगितलं तसं दर दोन हातांनी पाणी बघितलं, पांढरं, परत पांढरं. सहाव्या हाताला रेघ उन्हातच दिसेल एवढी उरली होती, थांबलो, पॉलिश केलं आणि तीही नाहीशी झाली. पुढच्या भागात नुसतं फोमने हलकं.

शेवटी एक शंका आहे. पॉलिश तेलकट असतं ना, मग चरे खरंच गेलेत की तेलाने भरलेत?

डीटेलिंग_नाशिक

एकदम बरोबर प्रश्न. आयपीए घ्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धं पाणी घालून, मायक्रोफायबरवर फवारून पुसा आणि लगेच उन्हात बघा. तेल निघून जातं, जे दिसेल ते खरं. मग वॅक्स.

लॉकजवळच्या चऱ्याला आत्ता टच-अपचा क्लिअर काडीने भरून ठेवा, पाणी आत जायला नको. थर थोडा उठून दिसेल, तो तसाच राहू दे, पंधरा दिवसांनी सपाट करता येईल. स्प्रेचं टू-के क्लिअर घरी मारू नका, त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, ते काम बूथवाल्याचंच. बजेट असेल तर नंतर बॉनेटला पीपीएफ, म्हणजे वर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घ्या, ती 150 ते 200 मायक्रॉनची असते, फडक्याचे चरे तीच झेलते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे गरम पाण्याने मिटतात. सिरॅमिक कोटिंगवाले काहीही सांगोत, ओरखडे अडवायला ते पुरेसं नाही.

उद्यमनगर_पेंटर

सहा हातांनी थांबलात ना, तिथेच काम जमलं. सातवा आठवा हात मारायचा मोह भल्याभल्यांना होतो.

पोलोवाला_कोथरूड

आयपीएने पुसलं, उन्हात बघितलं, फडक्याच्या जाळ्यातलं काही परत आलं नाही. मांजराच्या तिसऱ्या रेघेच्या जागी एक अगदी पुसट सावली आहे, कुठे बघायचं हे मला माहीत आहे म्हणून दिसते. ती राहू देतोय.

गाडी पुसणाऱ्या काकांशी संध्याकाळी बोललो. त्यांना बॉनेट दाखवलं, आधीचा फोटो दाखवला, ते म्हणाले साहेब मला कुणी सांगितलंच नाही, बादली एकच मिळते. दोन बादल्या, शाम्पूची बाटली आणि सहा मायक्रोफायबर आणून दिलेत आणि सांगितलंय की माझी गाडी रोज नको, आठवड्यातून दोनदाच, पण आधी पाणी मारून धूळ खाली जाऊ द्या आणि मग फडकं. ते म्हणाले शेजारच्या काळ्या गाडीलापण असंच करतो.

कापड_आणि_राळ

फडकी वेगळी धुवायला सांगा, कपडे मऊ करायचं लिक्विड न घालता, आणि जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत गाडीला लावायचं नाही.